पोटगीचा हुकूम आणि वसुलीची वाट

(रिठद, ता. रिसोड, जि. वाशिम येथील सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



रिठदसारख्या गावात कर्ज थकले म्हणजे पुढे काय घडते, हे कोणाला समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. सोसायटीचा गटसचिव दारी येतो, सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ ह्या रकान्यात बोजा चढलेलाच असतो, बँकेची नोटीस येते, विजेचे बिल राहिले तर जोडणी तोडली जाते, आणि खाजगी सावकाराचा हिशेब तर कागदाशिवायही चुकत नाही. ह्या सगळ्या थकबाक्यांना कुठे ना कुठे एक वही आहे आणि एक वसूल करणारा आहे. एकच थकबाकी अशी आहे की जिला गावात वही नाही आणि वसूल करणाराही नाही. नवराबायको वेगळी झाली, लेकरे आईबरोबर तिच्या माहेरी आली आणि बापाने त्यांच्या अन्नवस्त्राचे, शाळेचे, औषधाचे पैसे देणे थांबवले, तर ती थकबाकी एका बाईच्या मनातच काय ती नोंदलेली राहते. न्यायालयाचा हुकूम हाती असला तरी पुष्कळदा ह्यात फरक पडत नाही. हुकूम पेटीत राहतो आणि बाई सोयाबीन सोंगायला जाते.

ह्या थकबाकीला पोटगी असे नाव आहे. हा शब्द मोठा प्रामाणिक, परंतु अपुरा आहे. पोटापुरते देणे एवढाच अर्थ त्यातून ध्वनित होतो. १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याने निर्वाह ह्या संज्ञेत अन्न, वस्त्र, निवारा, शिक्षण आणि वैद्यकीय उपचार ह्या सर्वांचा समावेश केलेला आहे. म्हणजे मुलाची वही, चष्मा, तापाचे औषध आणि तालुक्याच्या कॉलेजला जाण्याचा पास हे सारे त्यात येते. गावच्या बोलण्यात मात्र पोटगी म्हणजे ‘तिने लावलेली पोटगी’. जणू ती बाईने पुरुषावर लादलेली शिक्षाच. ह्या एका गैरसमजुतीमुळे मुलांचे जेवढे नुकसान झाले आहे तेवढे कायद्यातील उणिवांमुळेही झाले नसेल.

तेव्हा प्रथम हे स्पष्ट व्हावयास हवे की हा पैसा कोणाचा. फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १२५ पुष्कळांना ऐकून ठाऊक आहे. १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली आणि तेच कलम आता १४४ झाले. आकडा बदलला, मजकूर जवळजवळ तोच राहिला. पुरेशी साधने असलेला माणूस पत्नी, मुले किंवा आईबाप ह्यांच्या पालनपोषणात हयगय करील अथवा ते नाकारील, तर प्रथम वर्ग न्यायदंडाधिकारी त्याला दरमहा ठराविक रक्कम देण्याचा हुकूम करू शकतो. ह्या कलमात पत्नी आणि मूल हे दोन स्वतंत्र हक्कदार आहेत. पत्नीच्या हक्कावर काही अटी आहेत: ती व्यभिचारी जीवन जगत असेल, सबळ कारणावाचून नांदण्यास नकार देत असेल, अथवा दोघे परस्परसंमतीने वेगळे राहत असतील, तर तिला पोटगी मिळत नाही. ह्या अटी योग्य की अयोग्य हा वेगळ्या चर्चेचा विषय आहे. मुलाच्या हक्काला मात्र ह्यांपैकी एकही अट लागू नाही. ‘ती नांदायला येत नाही, मग मी कशाला देऊ?’ हा पारावर नेहमी ऐकू येणारा प्रश्न मुलाच्या बाबतीत अर्थशून्य आहे. मूल नांदत नसते. ते कोणत्या घरी झोपते हे त्याने ठरवलेले नसते.

ह्याचेच दुसरे टोक म्हणजे फारकतीचा कागद. शंभर-पाचशे रुपयांच्या मुद्रांकावर चार पंचांच्या साक्षीने लिहिले जाते की एकरकमी अमुक हजार मिळाले, यापुढे बाईचा व तिच्या मुलांचा काही एक दावा राहिला नाही. खाली अंगठा किंवा सही. आई आपला हक्क सोडील, तो तिचा प्रश्न. मुलाचा हक्क सोडण्याचा अधिकार तिला कोणीच दिलेला नाही, कारण तो तिच्या मालकीचा नाही. तसा कागद झाला असला तरी मुलाच्या वतीने अर्ज करता येतो. त्याचप्रमाणे मुलाला भेटू दिले नाही म्हणून पैसे थांबवले, हेही कायद्यात बसत नाही. भेटीचा हक्क मागण्याची वाट वेगळी आहे आणि ती बापालाही मोकळी आहे.

मूल औरस की अनौरस, असा भेदही ह्या कलमात नाही. एवढी एक गोष्ट इंग्रजी अमदानीतल्या कायद्याकडून शिकण्यासारखी होती, आणि गावांनी तीच शिकावयाची नाकारली. पहिले लग्न लपवून दुसरे करावयाचे आणि मग न्यायालयात उभे राहून ‘हे लग्नच बेकायदा, सबब देणे लागत नाही’ असे म्हणावयाचे, हा बचाव महाराष्ट्रातील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेण्यात आला. बादशहा विरुद्ध उर्मिला बादशहा गोडसे असे त्या निकालाचे नाव. २००५ साली देवगडच्या मंदिरात लग्न लागले, त्याच वर्षी मुलगी झाली, आणि ऑक्टोबर २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की स्वतःच्या फसवणुकीचा फायदा पुरुषाला घेता येणार नाही. रक्कम किती होती? पत्नीला दरमहा १,००० रुपये आणि मुलीला ५००. ते पाचशे रुपये द्यावे लागू नयेत म्हणून तालुक्यापासून दिल्लीपर्यंत जो खर्च केला गेला असेल त्यात त्या मुलीची कित्येक वर्षे सुखाने गेली असती.

मुसलमान कुटुंबांतील मुलांविषयी एक भ्रम आहे, तोही इथेच दूर व्हावा. १९८५ च्या शाहबानो निकालानंतर जे राजकारण झाले आणि १९८६ चा जो कायदा आला, त्यामुळे मुलांचाही हक्क गेला अशी समजूत पसरली. १९९७ साली नूर सबा खातून प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने निःसंदिग्धपणे सांगितले की मुलांचा निर्वाहाचा हक्क त्या कायद्याने मुळीच बाधित होत नाही. १९६६ साली हमीद दलवाईंनी मूठभर मुसलमान स्त्रियांना घेऊन मुंबईत मोर्चा काढला, तेव्हा त्यांच्या मागे समाज नव्हता. त्यांनी विचारलेला प्रश्न मात्र सर्वच धर्मांच्या पुरुषांना अजून पुरून उरला आहे.

वयाची मर्यादा ही ह्या कलमाची खरी उणीव आहे. अठरा वर्षे पूर्ण झाली की, शारीरिक वा मानसिक अपंगत्वामुळे परावलंबी असलेले मूल वगळता, हा हक्क थांबतो. हिंदू कुटुंबातील अविवाहित मुलीला १९५६ च्या कायद्याखाली पुढेही दावा करता येतो. पण बारावी पास होऊन तंत्रनिकेतनात जाऊ पाहणाऱ्या मुलाला कायदा नेमका त्या उंबरठ्यावर सोडून देतो.

आता थोडे मागे जाऊन पाहिले पाहिजे, कारण ह्या कलमाचा जन्म ज्या हेतूने झाला तो हेतू अजून त्याच्या हाडात आहे. १८९८ च्या फौजदारी संहितेत हे कलम ४८८ होते. सरकारला चिंता मुलांची नव्हती. टाकलेल्या बायका आणि पोरे भिकेला लागून शांतता व सुव्यवस्थेला उपद्रव होऊ नये, ही होती. म्हणून हे कलम कुटुंबाच्या कायद्यात न बसता चोरी-मारामारीच्या प्रक्रियेत जाऊन बसले. दिवाळखोरीपासून थोडेसे वर ठेवणे एवढीच त्याची झेप. स्वातंत्र्यानंतर १९५५ साली कमाल मर्यादा ५०० रुपये केली गेली. १९७३ च्या नव्या संहितेने तीच कायम ठेवली. १९९९ साली महाराष्ट्राने आपल्यापुरती ती १,५०० केली आणि २००१ साली संसदेने मर्यादाच काढून टाकली. १९५५ ते १९९९ ह्या ४४ वर्षांत आमदार-खासदारांचे भत्ते, सरकारी पगार, खतांच्या पिशव्या, एस.टी.ची भाडी ह्यांपैकी काय स्थिर राहिले? टाकलेल्या बाईची आणि पोरांची किंमत तेवढी स्थिर राहिली.

२००१ च्या दुरुस्तीने आणखी एक चांगली गोष्ट केली. मूळ अर्जाचा निकाल लागेपर्यंत अंतरिम पोटगी मागता येते आणि तो अंतरिम अर्ज, शक्यतोवर, नोटीस बजावल्यापासून साठ दिवसांत निकाली काढावा असे लिहिले गेले. ‘शक्यतोवर’ ह्या शब्दात किती महिने मावतात, हे विदर्भातल्याच एका प्रकरणावरून दिसते. त्या प्रकरणामुळे आज सबंध देशाचा नियम घडला आहे, म्हणून ते थोडे विस्ताराने सांगणे युक्त होईल.

रजनेश विरुद्ध नेहा हे ते प्रकरण. जानेवारी २०१३ मध्ये, मुलाच्या जन्मानंतर थोड्याच दिवसांत, पत्नीने सासर सोडले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये अंतरिम पोटगीसाठी अर्ज झाला. नागपूरच्या कुटुंब न्यायालयाने ऑगस्ट २०१५ मध्ये हुकूम केला: पत्नीला दरमहा १५,००० रुपये, आणि मुलाला प्रथम ५,००० व सप्टेंबर २०१५ पासून १०,०००. नवऱ्याने उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाकडे दाद मागितली, ती २०१८ साली फेटाळली गेली. मग सर्वोच्च न्यायालय. न्यायमूर्ती इंदू मल्होत्रा आणि न्यायमूर्ती सुभाष रेड्डी ह्यांचा निकाल ४ नोव्हेंबर २०२० रोजी आला. ‘अंतरिम’ म्हणजे निकाल लागेपर्यंतची सोय, आणि त्या सोयीचाच वाद सात वर्षे चालला. तेवढ्यात पाळण्यातले मूल शाळेत जाऊ लागले होते. हे नागपुरातले, वकील आणि न्यायालय हाताशी असलेले कुटुंब. जिची मजुरी दिवसावर अवलंबून आहे अशा बाईने ह्यावरून आपला अंदाज बांधावा.

तथापि त्या निकालाने न्यायाधीशांच्या मर्जीवरचे पुष्कळसे काढून घेतले. पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी, हुकुमाच्या तारखेपासून नव्हे. त्यामुळे तारखा वाढवून बापाचे पैसे वाचत नाहीत. अंतरिम अर्ज चार ते सहा महिन्यांत निकाली निघावा. दोन-तीन कायद्यांखाली अर्ज असतील तर एकीकडची रक्कम दुसरीकडे जमेस धरावी. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे दोन्ही पक्षांनी आपली मिळकत व देणी शपथपत्रावर उघड करावीत.

शेतकरी समाजाच्या दृष्टीने ह्यातली मोलाची गोष्ट वृत्तपत्रांत फारशी आली नाही. त्या निकालाला शपथपत्रांचे नमुने जोडलेले आहेत आणि त्यांपैकी एक खास शेती करणाऱ्यांसाठी आहे. जमीन एकूण किती, तीत हिस्सा किती, फेरफार कोणते, कोरडवाहू की ओलिताची, पिके कोणती, गेल्या तीन वर्षांचे उत्पन्न किती, बटाईने केलेली जमीन आहे काय, गाई-म्हशी, शेळ्या-कोंबड्या किती, जमिनीवर कर्ज किती, हे सारे त्यात विचारले आहे. नोकरदाराच्या पगाराची चिठ्ठी न्यायालयात सहज येते. शेतकऱ्याचे उत्पन्न मात्र ‘पावसाने सगळे गेले साहेब’ ह्या एका वाक्यात आजवर विरघळून जात असे. आता त्याला सातबाऱ्यासह उत्तर द्यावे लागते, आणि बाईच्या वकिलाने तो नमुना मागितला नाही तर दोष वकिलाचा आहे. हे शपथपत्र तिलाही द्यावे लागते, हेही खरेच. ती शिक्षिका वा परिचारिका असेल, तर मुलाच्या खर्चाचा वाटा तिनेही आपल्या मिळकतीच्या प्रमाणात उचलावा, असे सर्वोच्च न्यायालयाने २००० साली पद्मजा शर्मा प्रकरणात म्हटले आहे. त्यात अन्याय काही नाही.

हुकूम झाला, येथपर्यंतची वाट ही अशी. खरी चढण ह्यापुढे आहे.

हप्ता थकला की वसुलीचा अर्ज बाईने करावयाचा. न्यायालय आपण होऊन विचारीत नाही. आणि तो अर्ज, रक्कम देय झाल्यापासून एक वर्षाच्या आत झाला पाहिजे. वर्ष उलटले की त्या महिन्याच्या पैशासाठी दंडाधिकाऱ्याचे वॉरंट निघत नाही. ही अट ज्यांना ठाऊक नाही त्यांचेच नुकसान तिच्यामुळे होते. ‘तूर निघू दे, मग देतो’, ‘दिवाळीला देतो’ असे म्हणत म्हणत वर्ष काढण्याची युक्ती कोणा वकिलाने शिकवली असो वा नसो, ती अचूक लागू पडते. विश्वास ठेवणारी बाई हरते आणि भांडणारी जिंकते, अशी ह्या तरतुदीची रचना आहे.

वॉरंट निघाले तर रक्कम दंडाप्रमाणे वसूल करावी असे कलम सांगते, आणि तरीही पैसे आले नाहीत तर प्रत्येक महिन्याच्या थकबाकीसाठी एक महिन्यापर्यंत कैद. पुष्कळांची समजूत अशी की कैद भोगली म्हणजे देणे फिटले. तसे नाही. कुलदीप कौर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८८ सालीच स्पष्ट केले की तुरुंग हे वसुलीचे साधन आहे, तुरुंगात बसल्याने देणे फिटत नाही. बाहेर आला की ती रक्कम त्याच्या डोक्यावर उभीच असते.

‘दंडाप्रमाणे वसूल करावी’ ह्या तीन शब्दांकडे मात्र फार थोड्यांचे लक्ष जाते. दंड कसा वसूल करावा, ते जुन्या संहितेच्या कलम ४२१ मध्ये होते, नव्या संहितेत ते ४६१ आहे. तिथे दोन मार्ग दिले आहेत. एक, जंगम मालमत्ता जप्त करून विकणे. दुसरा, जिल्हाधिकाऱ्याला वॉरंट पाठवणे, आणि जिल्हाधिकाऱ्याने ती रक्कम थकबाकीदाराच्या स्थावर-जंगम मालमत्तेतून जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल करणे. ह्याचा अर्थ असा की ज्या यंत्रणेच्या शेवटच्या टोकाला रिठदचा तलाठी बसतो, ती सबंध महसूल यंत्रणा मुलाच्या पैशासाठी कामाला लावण्याची तरतूद कायद्यात आहे. खेड्यात पैसा बँकेत नसतो, पगारात नसतो, जमिनीत असतो. जमिनीपर्यंत पोहोचणारा हात असताना व्यवहारात पाठवला जातो तो एक पोलीस शिपाई, आणि तो परत येऊन लिहितो: ‘सदर इसम गावी मिळून आला नाही.’

नोकरदाराच्या बाबतीत वाट अधिक सरळ आहे. साध्या कर्जाच्या वसुलीसाठी पगाराचा मोठा भाग कायद्याने सुरक्षित ठेवलेला आहे: पहिले हजार रुपये आणि उरलेल्या रकमेचे दोन-तृतीयांश जप्त होत नाहीत. पोटगीच्या हुकूमनाम्यासाठी मात्र फक्त एक-तृतीयांश पगार सुरक्षित राहतो, दोन-तृतीयांशापर्यंत जप्ती होऊ शकते. म्हणजे दिवाणी प्रक्रिया संहितेने मुलाला सावकाराच्या पुढे बसवले आहे. कौटुंबिक हिंसाचार कायदा २००५ चा, अमलात आला ऑक्टोबर २००६ मध्ये. त्याच्या कलम २० खाली तर दंडाधिकारी मालकालाच हुकूम देऊ शकतो की ह्याच्या पगारातून एवढी रक्कम कापून थेट बाईला द्या किंवा न्यायालयात भरा. चाकणच्या कारखान्यात कामाला गेलेल्या तरुणासाठी ह्याहून चांगला उपाय नाही. अट एवढीच की कारखान्याचे नाव बाईला माहीत असले पाहिजे.

जमीनवाल्यांची युक्ती निराळी. अर्ज झाल्याचे कळताच शेत भावाच्या किंवा आईच्या नावे बक्षीसपत्राने चढते. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम ३९ ह्याच लबाडीसाठी आहे. जमिनीच्या उत्पन्नातून निर्वाह मिळण्याचा ज्याला हक्क आहे, त्याचा हक्क, जमीन फुकट दिली गेली असेल किंवा घेणाऱ्याला त्या हक्काची जाणीव असेल, तर घेणाऱ्याविरुद्धही चालवता येतो. दिवाणी दाव्यात पोटगीचा बोजा जमिनीवर ठेवून मागता येतो, आणि हुकूमनाम्याने तो ठेवला गेला की ‘इतर हक्क’ ह्या रकान्यात सोसायटीच्या कर्जाशेजारी मुलाचे नाव लागू शकते. शिवाय वडिलोपार्जित जमिनीत मुलाचा जन्मतः हिस्सा असतो, मुलीचाही. महाराष्ट्राने तो १९९४ साली दिला आणि २००५ साली सबंध देशाने. पोटगीचा अर्ज करताना ह्या हिश्श्याची आठवण ठेवणे म्हणजे लोभ नव्हे.

एवढी हत्यारे असताना वसुली होत का नाही? ह्याचे उत्तर कायद्याच्या पुस्तकात नाही, बाईच्या दिवसात आहे. तारखेला जावयाचे म्हणजे मजुरी बुडते, लेकरू कोणाकडे तरी ठेवावे लागते, आणि समोरचा हजर नाही म्हणून पुढची तारीख पडते. मार्च २०२३ पासून एस.टी.त बायकांचे तिकीट निम्मे झाले, तारखा काही निम्म्या झाल्या नाहीत. प्रत्येक थकबाकीसाठी नवा अर्ज, नवी नोटीस, नवे वॉरंट. देणेकरी एकदा चुकतो, मागणारीला मात्र दर खेपेस सिद्ध करावे लागते. कोणत्याही बँकेने असे कर्ज कधी दिले नसते.

गावातील मध्यस्थीविषयी बोलणे थोडे अप्रिय होईल, पण टाळता येण्यासारखे नाही. १५ ऑगस्ट २००७ पासून महाराष्ट्रात तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली, आणि तिने बांधाचे, पाण्याचे पुष्कळ वाद मिटवले हे मान्य करावे लागेल. परंतु नवराबायकोचा तंटा ‘मिटला’ अशी नोंद होते तेव्हा पुष्कळदा मिटलेला असतो तो बाईचा आवाज. दोघांना एकत्र नांदवले किंवा एकरकमी फारकत करून दिली, की समितीचे काम संपते. मुलांना दरमहा किती मिळावयाचे, कोणत्या तारखेला, कोणाच्या हाती, आणि न मिळाल्यास काय, हे तडजोडीच्या कागदावर क्वचितच असते. पुरोगामी म्हणवणारे कार्यकर्तेही ह्या बैठकांत ‘घर मोडू नये’ ह्या एका वाक्यापुढे सहसा जात नाहीत. घर आधीच मोडलेले असते. प्रश्न मोडलेल्या घरातल्या मुलांच्या जेवणाचा असतो.

ह्याला सन्माननीय अपवाद आहेत. १९८८ साली संगमनेरला समता आंदोलनाने परित्यक्ता स्त्रियांची परिषद भरवली आणि ‘टाकलेली’ हा शब्द कपाळी घेऊन जगणाऱ्या बायका प्रथमच व्यासपीठावर आल्या. निशा शिवूरकरांनी ह्या प्रश्नासाठी वकिली आणि चळवळ दोन्ही वेचली. कासेगावच्या परिसरात इंदुताई पाटणकरांनी परित्यक्तांच्या हक्काचा प्रश्न लावून धरला. हे पश्चिम महाराष्ट्रात घडले. वऱ्हाडात असे संघटन उभे राहिले नाही, ही समाजवाद्यांना टोचावी अशी गोष्ट आहे. २०११ च्या जनगणनेत देशात घटस्फोटित स्त्रिया सुमारे ९ लाख निघाल्या आणि घटस्फोट न होता विभक्त असलेल्या सुमारे २३ लाख ७० हजार. ज्यांचे लग्न कायद्याने मोडलेलेच नाही, अशांची संख्या अडीचपट. त्यांच्या मुलांसाठी कोणत्याही घटस्फोटाच्या निकालात तरतूद झालेली नाही, कारण निकालच झालेला नाही.

आता दुसरी बाजू. वाशिम हा जिल्हा २००६ च्या पंतप्रधान पॅकेजातील विदर्भाच्या सहा जिल्ह्यांपैकी एक. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे ती मदत द्यावी लागली होती. तीन एकर कोरडवाहू जमीन, डोक्यावर कर्ज, आणि सोयाबीनचा भाव व्यापाऱ्याच्या हाती, असा बाप दरमहा पैसे कुठून आणणार? सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली अंजू गर्ग प्रकरणात म्हटले की धडधाकट माणसाने अंगमेहनत करूनही बायकामुलांना पोसले पाहिजे. तत्त्व म्हणून ते बरोबरच आहे, कारण तीच अंगमेहनत मुलांची आई करीतच असते. परिस्थिती पालटली तर रक्कम कमी करून घेण्याची सोयही कायद्यात आहे, ती बापाने उघडपणे वापरावी. परंतु ज्याच्याजवळ खरोखरच नाही त्याला महिनाभर तुरुंगात घातल्याने त्या महिन्याची मजुरीही बुडते, आणि मुलाच्या ताटात काहीच पडत नाही. देत नाही तो आणि देऊ शकत नाही तो, ह्या दोघांत निवड करण्याचे काम आज आईवर टाकलेले आहे. ते काम तिचे नाही, शासनाचे आहे.

जगात काही देशांनी हे ओळखून फार पूर्वी एक सोपी व्यवस्था केली. स्वीडनने १९३७ साली कायदा केला की बापाचे पैसे आले नाहीत तर मुलाला शासनाने आगाऊ द्यावेत आणि मग बापाकडून आपण वसूल करावेत. पश्चिम जर्मनीत तसाच कायदा १ जानेवारी १९८० पासून लागू झाला. आरंभी तो फक्त सहा वर्षांखालील मुलांना आणि जास्तीत जास्त तीन वर्षे मिळे. १९९३ साली वय बारापर्यंत वाढले, २०१७ साली अठरापर्यंत. लहानशा आरंभातून तो वाढत गेला. मुलाने वाट पाहावयाची नाही, वाट पाहावयाची ती सरकारने, कारण सरकारला भूक लागत नाही.

हे श्रीमंत देशांचे चोचले आहेत असे कोणी म्हणेल. महाराष्ट्रापुरता विचार केला तर ह्या व्यवस्थेचे दोन्ही अर्धे भाग इथे आधीच तयार आहेत, फक्त ते एकमेकांना ठाऊक नाहीत. क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेखाली एकपालक मुलांना, त्यांत वेगळ्या राहणाऱ्या आईबापांची मुलेही येतात, बालकल्याण समितीच्या आदेशाने दरमहा मदत मिळते. २०२३ साली ती २,२५० रुपये झाली. हा झाला आगाऊ देणारा हात. आणि जमीन महसुलाप्रमाणे वसूल करणारा जिल्हाधिकारी हा झाला वसूल करणारा हात. पहिला हात महिला व बालविकास खात्याचा, दुसरा महसूल खात्याचा. आज पहिला हात देतो आणि बाप मोकळा सुटतो, दुसरा हात शेतसारा गोळा करतो आणि पोटगीच्या वॉरंटची त्याला खबर नसते. न्यायालयाचा पोटगीचा हुकूम झालेल्या प्रत्येक मुलाला शासनाने रक्कम आगाऊ द्यावी, आणि वसुलीचा हक्क शासनाकडे यावा, एवढी ही मागणी आहे. जो देऊ शकतो त्याच्या सातबाऱ्यावर किंवा पगारावर शासन जाईल. जो देऊ शकत नाही त्याची चौकशी शासन करील. आईला दर महिन्याला न्यायालयाची पायरी चढावी लागणार नाही.

सरकार देते म्हटल्यावर बाप आणखी बेफिकीर होतील, असा आक्षेप ह्यावर येतो. आज ते काळजीने व्याकूळ आहेत असे समजण्यास आधार नाही. एका बाईचे देणे बुडवणे आणि सरकारचे देणे बुडवणे ह्यांतला फरक मात्र खेड्यातल्या माणसाला अचूक कळतो.

ही मागणी विधानसभेत पोहोचेपर्यंत रिठदमध्ये करण्याजोगे काम आहे. बायका आणि मुले ह्यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील देण्याची जबाबदारी १९८७ च्या विधी सेवा कायद्याने घातलेली आहे. त्यासाठी तालुका विधी सेवा समितीकडे साधा अर्ज पुरतो, आणि १५१०० हा दूरध्वनी क्रमांक देशभर चालतो. ग्रामसभेने एक वही घालावी. तीत पोटगीचा हुकूम झालेल्या मुलांची, त्यांच्या आईची संमती असेल तर, नोंद व्हावी: हुकुमाची तारीख, दरमहाची रक्कम, शेवटचा हप्ता कधी आला. दर महिन्याला कोणी तरी ती उघडून पाहावी आणि जिथे अकरा महिने होत आले आहेत त्या घरी निरोप द्यावा. वसुलीच्या अर्जात जंगम जप्तीबरोबर जिल्हाधिकाऱ्यामार्फत वसुलीची मागणी लेखी करावी, आणि बापाच्या जमिनीचा सातबारा जोडावा, तो कोणालाही काढता येतो. ज्यांचा मागच्या वर्षीचा ह्याच महिन्याचा हप्ता थकलेला आहे, त्यांची मुदत ह्या महिन्यात संपते आहे.